चोपडामा शे

सुरतेतल्या डिंडोलीच्या मराठी वाचनालयातून गाजलेल्या जुन्या गुप्तहेरकथांचं ते विटेएवढं पुस्तक बन्सीलालनं घरी आणलं, आणि त्या दिवसापासून घरात संशयित नाही असं माणूस उरलं नाही. चाळीस वर्षं तो कडोदऱ्याला लूमवर मास्टर होता. माग कुठे बिघडलाय ते नुसत्या आवाजावरून सांगायचा. रिटायर झाल्यावर तोच कान त्यानं माणसांना लावला. साखर कोण संपवतं, चपला कोण हलवतं, सगळ्याचा तपास! बायको उषाबाई खदखदून हसायची. सून धनश्री हसायची नाही, आणि बन्सीलालनं तेही मनात टिपून ठेवलं होतं.

आज मात्र थट्टेचा दिवस नव्हता. उषाबाईच्या हृदयाची एक नळी जवळजवळ बंद झाली होती आणि दुपारी दोनला ऑपरेशन होतं. मुलगा चेतन रक्ताच्या बाटल्यांसाठी धावत होता, धनश्री दवाखान्याच्या खिडकीपाशी रांगेत होती. बन्सीलालनं डबा घेऊन मागून यायचं ठरलं होतं. डबा भरून झाला, तरी हा बाबा हातातली गोष्ट संपवायची म्हणून बसलेला.

अकराला धनश्रीचा फोन आला. खिडकीवरचा माणूस मोफत उपचाराच्या सरकारी कार्डाची झेरॉक्स घेत नव्हता, ओरिजिनलच मागत होता. बारापर्यंत कार्ड आलं नाही तर आजचा नंबर दुसऱ्या पेशंटला. आणि डॉक्टरांनी तर बजावलं होतं, एक दिवससुद्धा लांबवू नका.

"अगं, पण कार्ड आहे कुठे?" बन्सीलाल ओरडला.

पलीकडे नुसता कालवा. धनश्री जन्मली सुरतेत, शिकली गुजराती शाळेत. घाबरली की तिच्या तोंडून मराठी पार पळून जायची. तशात एकच वाक्य त्याच्या कानावर आलं, "बाबा, चोपडामा शे!" आणि फोन बंद पडला. पुन्हा लावला, तर स्विच ऑफ.

बन्सीलालच्या तोंडचं पाणी पळालं. घरात मराठीच्या जोडीनं गावाकडची अहिराणीही चालायची. चोपडामा शे, म्हणजे चोपड्याला आहे. चोपडा हे धनश्रीच्या माहेरचं गाव! तिचे वडील हिलालआप्पा इथला कारखाना बंद पडल्यावर गावी परतले होते, आणि ही रविवारी तिकडे जाऊन सोमवारी परतली होती. निघाली तेव्हा पिशवीला हातसुद्धा लावू दिला नव्हता. विहीणबाईंच्या गुडघ्यांचं दुखणं होतंच, त्यांच्या उपचारासाठीच कार्ड नेलं असणार. धागे कसे पटापट जुळले! चोपड्याहून सुरत म्हणजे पाच-सहा तास. संपलं सगळं.

त्याचं डोकं भडकलं. त्यानं थेट व्याह्यालाच फोन लावला. "तुमनी पोरनी कार्ड तठे नेयेल शे!" म्हणाला, आणि मग काय तोंडाला येईल ते बोलला. चोरी म्हणाला, विहीणबाईंच्या गुडघ्यांचा विषय काढला, उषाला काही झालं तर तुमच्या पोरीला माझ्या दारात उभी करणार नाही, इथवर गेला. हिलालआप्पा एवढंच म्हणाले, "देखस मी," म्हणजे बघतो.

सव्वाअकरा झाले. तो ओट्यावर बसला. उषाबाई गेली तर, हा विचार आला आणि त्याला रडू फुटलं. बारा वाजताच्या शाळेची वेळ; उशीर होतोय म्हणून शेजारची गुजराती बाई लेकावर ओरडत होती, "चोपडा भर दफ्तरमां! मोडुं थाय छे!"

चोपडा? दप्तरात?

बन्सीलाल ताडकन उठला. अरे देवा! गुजरातीत चोपडा म्हणजे वही, पुस्तक. चाळीस वर्षं ऐकलेला शब्द! ती 'छे' म्हणाली होती, यानं 'शे' ऐकलं. चोपडामां छे. पुस्तकात आहे.

घरात पुस्तक होतं एकच, आणि ते सकाळपासून त्याच्याच मांडीवर होतं. त्यानं ते उलटं धरून झटकलं. जिथवर तो अजून पोचलाच नव्हता, त्या शेवटच्या गोष्टीतून कार्ड फरशीवर पडलं.

डबा राहिला घरीच. रिक्षा पुलावर अडकली तेव्हा त्यानं रिक्षावाल्याला शिव्या घातल्या, मग हात जोडले. खिडकीवर कार्ड सरकवलं तेव्हा बाराला चार मिनिटं कमी होती. आतल्या माणसानं शिक्का मारला आणि बन्सीलालच्या जिवात जीव आला.

धनश्रीनं डोळे पुसले. "काल पाहिलं तर कार्ड वाकडं झालेलं, बाबा. सरळ व्हावं म्हणून पुस्तकात दाबून ठेवलं. सकाळी घाईत घ्यायचंच विसरले. पण म्हटलं, तुम्ही ते पुस्तक घडीभर खाली ठेवत नाही, म्हणजे कार्ड तुमच्याजवळच आहे."

बन्सीलालला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात त्याच्या हातातला फोन वाजला.

"आप्पांचा?" धनश्री वाकून बघत म्हणाली. "द्या ना, मी सांगते त्यांना, कार्ड जमा झालं म्हणून." तिनं त्याच्या हातातून फोन घेतला आणि गोंगाटात ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला. ती काही बोलायच्या आतच हिलालआप्पांचा आवाज आला. मागे एसटीची घरघर होती.

"व्याहीबुवा, सारं घर देखं, पेटी उपसी टाकी, कार्ड नई भेटनं. मी गाडीमा बसनू. तठे येस. तवलोंग पोरले काही बोलू नका, हात जोडस."

धनश्रीचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं फोनकडे पाहिलं, मग सासऱ्याकडे.

"आप्पा कसलं कार्ड शोधत होते, बाबा?"

बन्सीलाल भिंतीला टेकला. खोटं सांगायला शंभर वाटा होत्या, त्या पुस्तकानं त्याला सगळ्या शिकवल्या होत्या. पण त्यानं फोन तोंडाशी ओढला.

"मी चुकनू, आप्पा," तो म्हणाला. "कार्ड मन्हापाशीच व्हतं." आणि सुनेच्या देखत, तिच्या बापाला काय काय बोललो ते पहिल्या शब्दापासून सांगायला लागला.