केदारेंचा कान

"चाचा, हे परत आलं," असं म्हणत शाझियाने मेंडोलिन माझ्या जेवणाच्या टेबलावर ठेवलं. ठेवलं कसलं, आपटलंच. मेसच्या डब्यातली पातळ आमटी पेपरवर सांडली.

"कोणाकडून?"

"इगतपुरीचे ते रेल्वेतले काका. म्हणाले, वाजतं ठीक आहे. पण आतलं नाव काढून टाक, मग ठेवतो. रहेमानभाईंच्या नावाचं वाटत नाही म्हणे."

मी आमटी पुसत राहिलो. खरं तर हे ऐकून मला लागायला हवं होतं, कारण त्या नावाखाली माझी सही होती. पण नाही लागलं. दाढ काढण्याआधी डॉक्टर इंजेक्शन देतो आणि मग गाल आपलाच आहे की शेजाऱ्याचा ते कळत नाही, तसं माझं आठ महिने चाललं आहे. विमल, माझी बायको, एका सकाळी चहाचं आधण ठेवून ओट्याला टेकून खाली बसली ती पुन्हा उठलीच नाही. लोक पुण्यानुमोदनाला येऊन ढसाढसा रडून गेले. मी खुर्च्या मोजून मांडववाल्याला परत केल्या.

रहेमान म्हणजे शाझियाचे वडील. जुन्या नाशकात गल्लीच्या टोकाला त्याचं दुकान. चाळीस वर्षं हाताने मेंडोलिनं बनवली, दीड वर्षापूर्वी गेला. मी आमच्या भीमगीतांच्या पार्टीत मेंडोलिन वाजवायचो आणि पोटासाठी पाटबंधारे ऑफिसात आवक-जावक सांभाळायचो. रहेमानचा एक हट्ट होता. नवं मेंडोलिन तयार झालं की तो त्याला स्वतः कधी चांगलं म्हणायचा नाही. "मला माझ्या हातचं कळत नाही यार बुद्धभूषण, तू घरी नेऊन ऐक," म्हणायचा. मी न्यायचो, दुसऱ्या दिवशी निकाल सांगायचो. पास झालं तर आत चिठ्ठी चिकटायची, 'रहेमान, नाशिक', त्याखाली 'ऐकले' आणि माझी सही. नापास झालं तर रहेमान हूं की चूं न करता वरची फळी उकलायचा. दहातली चार तरी मी परत पाठवायचो. देवळाली कॅम्पापासून नांदगावपर्यंत वाजवणारे म्हणायचे, केदारेंचा कान म्हणजे कान! मीही मान ताठ करून हिंडायचो. फुकटचा मान कोणाला नको असतो?

बाप गेल्यावर शाझियाने काम पुढे चालवलं. भाऊ शोएबला लाकडाच्या भुशाने शिंका येतात. ही मात्र बारा वर्षांची होती तेव्हापासून बापाच्या शेजारी बसून तासत आली. तिची मेंडोलिनंही माझ्याकडेच यायची.

"एक विचारू?" शाझिया म्हणाली. ती अजून उभीच होती. "अब्बांची दहातली चार तुम्ही परत पाठवायचात. माझी गेल्या आठ महिन्यांत सात आली. सातच्या सात पास. मी काय अब्बांपेक्षा मोठी कारागीर झाले?"

"चांगली होती ती."

"खोटं बोलू नका, चाचा. बिनबापाची पोर म्हणून दया केलीत ना? शोएब रोज डोकं खातो. म्हणतो, अब्बांच्या नावाची माती करतेस, त्यापेक्षा नाव सोड आणि गिटार दुरुस्तीचं दुकान टाक. आज हे परत आलेलं बघून म्हणाला, आणखी एक आलं तर पाटी मी स्वतः उतरवणार. मला दया नको. मला खरं सांगणारं माणूस पाहिजे. तेवढं एकच होतं माझ्याकडे."

तिचा आवाज चिरकला. मला वाईट वाटायला हवं होतं. तेही वाटलं नाही. ऑफिसात जशी मी आलेल्या टपालावर मान वर न करता शिक्का मारायचो, तशाच सात सह्या ठोकल्या होत्या. आता त्या पोरीच्या डोळ्याला डोळा देता येईना, म्हणून जे तीस वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं ते मी सांगून टाकलं.

"पोरी, तो कान माझा नव्हताच."

"म्हणजे?"

"मला सूर कळतो. पण नवं वाद्य बरं की वाईट, ते मला धड कधीच कळलं नाही. सगळीच बरी वाटायची. मी ते घरी आणायचो, स्वयंपाकघरात पाटावर बसायचो आणि वाजवायचो. तुझी चाची भाकऱ्या थापत असायची, नाहीतर भाजी निवडत. मी तिच्या हाताकडे बघायचो. वाद्य वाईट असलं की पाच मिनिटांत ओरडायची, 'काय वो ते टणटण लावलंय? बंद करा, लय डोकं उठलं!' की ते नापास. चांगलं असलं तर बोलायची नाही. नुसता हात थांबायचा. भाकरी परातीत तशीच राहायची."

"चाचीला माहीत होतं?"

"छे! तिला वाटायचं मी रियाज करतोय. सांगितलं असतं तर मुद्दाम ऐकायला लागली असती, मग सगळंच बिघडलं असतं."

शाझिया खुर्चीत बसली. मग म्हणाली, "म्हणजे तीस वर्षं पेपर चाचीने तपासले आणि दुकानातला मलई मारके चहा तुम्ही प्यालात?"

"हो."

"कमाल आहे तुमची!"

मला वाटलं आता उठून जाईल. उठली, पण सरळ माझ्या स्वयंपाकघरात घुसली. मी आठ महिन्यांत तिथे पाणी प्यायलाच काय तो जात होतो. आतून डबे उघडल्याचे आवाज यायला लागले.

"चाचा, या तांदळात किडे झालेत!"

"फेकून दे."

"फेकून दे? अख्खा डबा?"

मी दारात जाऊन पाहिलं. विमलने भरलेला शेवटचा डबा होता तो. शाझियाने कोपऱ्यातलं सूप काढून झटकलं, जमिनीवर पेपर अंथरला, ओढणी कमरेला खोचली आणि फतकल मारून बसली. डब्यातले तांदूळ सुपात ओतले. "आणा ते इगतपुरीचं. बसा इथे. वाजवा."

"असं ठरवून होत नसतं."

"मला किडे काढायचेत. तुम्हाला काय करायचं ते करा."

पाट ओट्याखालीच होता. मी बसलो. तारा जुळवल्या, नेहमीची एक जुनी चाल धरली. बोटं आपोआप फिरत होती. ऐकायला मला ते छानच वाटत होतं, आठही तारा सुरात. शाझिया तांदूळ पाखडत होती, मधेच किडा चिमटीत धरून पेपरवर टाकत होती. सुरुवातीला कान देत होती, ते तिच्या मानेवरून कळत होतं. पण तांदळात किडे इतके होते की तिचं लक्ष तिकडे गेलं. एकदा तर स्वतःशीच पुटपुटली, "या अल्लाह, इथे तर गाव वसलंय."

मी दुसरं कडवं घेतलं. तिसरं घेतलं.

"अहो चाचा, बास करा ना! डोक्यात जातंय ते!"

मी गपकन थांबलो.

शाझियाने तोंडावर हात ठेवला. पिठाळ हात तसाच गालाला लागला. "हे मीच बनवलंय," ती हळू म्हणाली.

"हो."

"पत्र्यावर वाजवल्यासारखं येतंय. वरची फळी जाड ठेवली मी. घाई केली. मला आत्ता ऐकू आलं." तिने ओट्यावरची पातळ सुरी घेतली, मेंडोलिनच्या भोकातून आत घातली आणि चिठ्ठी खरवडून काढली. बापाचं नाव आणि माझी सही, दोन्ही तुकडे तिने घडी करून पर्समध्ये ठेवले. चेहरा मोकळा झाला होता, रहेमानचा नापास ऐकल्यावर व्हायचा तसा.

माझं मात्र भलतंच झालं. आठ महिन्यांनी या घरात मला कोणीतरी गप्प बसवलं होतं. नातेवाईक काय, शेजारी काय, सगळे माझ्याशी दवाखान्यात बोलावं तसं बोलत होते. माझ्यावर खेकसायचा हक्क असलेलं माणूसच राहिलं नव्हतं. नाक चोंदलं आणि मी पाटावर बसल्या बसल्या रडायला लागलो. चांगला हुंदके देऊन रडलो, मला लाज वाटली नाही. शाझियाने पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि पुन्हा सूप हातात घेतलं. शहाणी पोरगी आहे.

"दुसरं आणलंय," थोड्या वेळाने ती म्हणाली. "नवं. पिशवीत आहे. यात चिठ्ठी लावलेली नाही."

मी डोळे पुसले, ते नवं आणलं, तारा जुळवल्या. चाल तीच धरली. ती पाखडत होती. मी वाजवत होतो. पहिलं कडवं झालं.

मला हवं होतं की तिने पुन्हा ओरडावं. खोटं कशाला सांगू, त्या पोरीचं आणि तिच्या बापाच्या नावाचं काय व्हायचं ते होवो, पण एकदा, फक्त आणखी एकदा, त्या स्वयंपाकघरात कोणीतरी मला बंद करा म्हणावं एवढंच मला हवं होतं. म्हणून मी मुद्दाम जोरात वाजवलं. दुसरं कडवं लांबवलं.

सुपाचा आवाज थांबला. मी मान वर केली. तांदूळ सुपात तसेच होते आणि शाझियाचा हात त्यांच्यावर नुसता टेकलेला होता. एक किडा तिच्या अंगठ्यावरून चालत गेला तरी तिला कळलं नाही.

मी तिसरं कडवं घेतलं. मग पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली. ती काहीच बोलली नाही.