खोल टोकावरची फळी

साहेब, तुम्ही खोटं बोललात. तलावाच्या फाटकावर तुम्ही पाटी लावलीत, 'उडीची फळी धोकादायक झाल्याने तलाव बंद आहे.' धोकादायक कोण? मी? तुमच्या जिभेला हाड नाही हे मला ठाऊक होतं, पण डोळ्यांत तेल घालून शोधली तरी लाज सापडू नये? माझ्या अंगावरून या शहरातल्या पोरांच्या पिढ्या पाण्यात गेल्या आणि खिदळत वर आल्या. कोणाला कधीच लागलं नाही असं मी म्हणणार नाही. एका पोराचा दात पडला होता. पण तो दुधाचा होता, आणि पोरगं आठवडाभर तोच दात मुठीत घेऊन मिरवत होतं.

मित्रांनो, तुम्ही मला ओळखत नसाल. मी जुनी आहे, हे कबूल. सार्वजनिक तलावाच्या खोल टोकावर, दोन माणसांच्या उंचीवर, माझी जागा होती. कोणी मला डायव्हिंग बोर्ड म्हणतं, पण इथले सगळे नुसतंच फळी म्हणतात. सध्या मी कपडे बदलायच्या खोल्यांमागे, मोडक्या खुर्च्यांच्या ढिगावर पालथी पडले आहे. तोंड खाली असलं तरी बोलता येतं. ऐका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे एरवी शिड्या आणि खिडक्यांच्या चौकटी बनत. माझ्यासाठी अल्युमिनियमचा लांब पाट घेतला आणि पुढच्या टोकाकडे तासत तासत पातळ केला, म्हणजे मी नीट लवावं. वर खरखरीत थर दिला, म्हणजे ओला पाय घसरू नये. सगळं झाल्यावर एक म्हातारा कारागीर माझ्या टोकावर चढला, हलकेच नाचल्यासारखं केलं आणि म्हणाला, "वाकते, पण मोडायची नाही." तेच माझं बारसं आणि तोच माझा आशीर्वाद. साहेब, मोडत तुम्हीही नाही. पण त्याचं कारण वेगळं आहे. मोडायला आधी कणा लागतो.

तलावावर मला बसवलं त्या काळी एक तरुण बाई माझ्यावरून उड्या मारत असे. पुढे तिचे गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा ती काठावर उभी राहून दुसऱ्यांना शिकवू लागली. तिच्या भावाची मुलगी तिला आत्या म्हणायची. ते ऐकून सगळा तलावच तिला आत्या म्हणू लागला, तिच्याहून वयाने मोठे असलेले पंपघरातले काकासुद्धा. त्या भाचीचं नाव पडलं भिंगरी. कारण उघड आहे. माझ्या टोकावरून सुटली की ती हवेत अशी फिरायची की बघणाराच गरगरावा.

आत्याचा एक नियम होता. तो समजून घ्या, कारण पुढे त्याच्यावर एक जीव लटकणार आहे. स्थिर पाणी काचेसारखं असतं. उंचावरून बघितलं तर पाणी नेमकं कुठे सुरू होतं ते डोळ्याला कळत नाही, आणि हवेत कोलांटी घेणाऱ्याला तर मुळीच कळत नाही. म्हणून आत्या काठावरच्या नळाला नळी लावून पाण्यावर फवारा धरायची. पाण्याला सुरकुत्या पडल्या की डोळ्याला ठाव मिळतो. "फवारा नाही, तर उडी नाही," असं ती पहिल्याच दिवशी प्रत्येकाला बजावायची.

भिंगरी दिवसा चष्म्याच्या दुकानात काचा घासायची आणि संध्याकाळी माझ्याकडे यायची. दोघींची जुगलबंदी ऐकण्यासारखी असे.

"अगं, पाण्यात शिरलीस की पाण्यावर आपटलीस? म्हैस पडल्यासारखा आवाज आला."

"म्हैस बरी, आत्या. तिला तुझं ऐकून घ्यावं लागत नाही."

"तोंड जेवढं चालवतेस तेवढी पायाची बोटं ताण. चढ वर. पुन्हा."

आणि ती पुन्हा चढायची. शहराच्या संघात तिची निवड झाली, त्या संध्याकाळी आत्याने तोंड फिरवलं आणि नळी गुंडाळायला घेतली. नळी आधीच गुंडाळलेली होती.

मग शहरात मोठे खेळ यायचे ठरले. देशोदेशीचे खेळाडू येणार, जग बघणार. आणि शहराला खेळ आले, अंगात ताप येतो तसे. चांगले फुटपाथ उखडून पुन्हा फुटपाथच घातले. ज्या वस्त्यांत नळाचं पाणी येत नव्हतं त्यांच्यापुढे उंच पत्रे ठोकून त्यांवर हसऱ्या धावपटूंची चित्रं काढली. पाहुण्यांची गाडी जायची असली की रस्त्याकडेला कुंड्या मांडायच्या. गाडी गेली की कुंड्या उचलून पुढच्या रस्त्यावर. झाडांनी त्या काळात जेवढी धावपळ केली तेवढी एकाही खेळाडूला करता आली नाही, कारण मैदानं सगळी रंगकामासाठी बंद होती. आमचा तलावही बंद झाला. 'सुशोभन चालू आहे.' भिंगरी शाळेच्या आवारात टेबलावरून गादीवर उड्या मारू लागली. खेळ तिच्या शहरात येणार होते, म्हणून तिला तिच्या शहरात पाणी नव्हतं.

या सुशोभनावर जे साहेब नेमले होते, तेच हे. बुटांना पाणी लागू नये म्हणून तलावाच्या कडेने खेकड्यासारखे चालणारे. खोल भागाच्या तळाला जुनी भेग होती आणि तिच्यातून पाणी झिरपायचं. आत्या वर्षानुवर्षं सांगून थकली होती. टाकी रिकामी केली तेव्हा भेग उघडी पडली. साहेब आणि कंत्राटदार बरोबर माझ्या खाली उभे होते.

"भेग काढायची तर तळ फोडावा लागेल, साहेब. वेळ जाईल."

"मग खड्डाच बुजवून टाका ना."

"खड्डा म्हणजे... तो खोल भाग आहे, साहेब. तिथे उड्या मारतात."

"उडी हवेत मारतात हो. आणि पाणी काय, वरपर्यंत असणारच आहे!"

कंत्राटदार आधी हसला. मग त्याच्या लक्षात आलं की साहेब हसत नाहीत. तसा तो घाईने म्हणाला, "बरोबर आहे. हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

असल्या गोष्टी डोक्यात यायला डोकं एका विशिष्ट प्रकारे रिकामं असावं लागतं.

उखडलेल्या फुटपाथचा राडारोडा ट्रकने आला आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या खोल भागात ओतला गेला. वर काँक्रीट, त्यावर निळा रंग. तळावरच्या काळ्या रेघा साहेबांना तुरुंगाच्या गजांसारख्या वाटल्या, म्हणून त्याही निळ्या केल्या. भिंतीवर खोली दाखवणारे आकडे होते. "फोटोत बरे दिसत नाहीत," म्हणाले. तेही पुसले. मग पाणी सोडलं. काठोकाठ, चकचकीत, निळंशार पाणी. काठावर उभा राहिलेला कोणीही म्हणाला असता, वा! आणि त्या पाण्याखाली फुटपाथ होता.

मी ओरडले असते. पण फळीला आवाज असतो तो कोणीतरी उडी मारल्यानंतरचा. आधीचा नसतो.

खेळांआधीच्या पाहणीचा दिवस उजाडला. काठावर गालिचे, ओळीने झेंडे, पाण्यात झेंड्यांची प्रतिबिंबं. परदेशी पाहुणे खुर्च्यांवर बसले. कार्यक्रमात एक उडी ठेवलेली होती, कारण खड्डा बुजवणारी शाखा वेगळी आणि कार्यक्रम ठरवणारी शाखा वेगळी, आणि दोन्हींवर सही करणारे साहेब मात्र एकच. भिंगरीला बोलावणं गेलं. आत्याला गेलं नाही. आत्या तरीही आली. फाटकावरच्या माणसाला म्हणाली, "मी तिची आत्या आहे." त्याने दार उघडलं. तोही इथेच पोहायला शिकला होता.

भिंगरी शिडी चढली. इतक्या महिन्यांनी तिचे तळवे माझ्या पाठीला लागले. मला आनंद व्हायला हवा होता. मला तिचे ते पाय नको झाले होते.

खाली आत्या सवयीने नळाकडे गेली आणि नळी जोडू लागली. साहेब खेकड्यासारखे धावले.

"ओ बाई, नळी नको! झेंडे दिसतायत पाण्यात. फोटो व्हायचाय. पाणी हलवू नका."

"फवारा नाही, तर उडी नाही."

"पाहुणे बसलेत!"

"बसू देत की. उडी त्यांना मारायची नाहीये."

साहेबांनी मग वर बघितलं. आवाज एकदम गोड झाला. माझ्या आयुष्यात मी इतका घाणेरडा गोडवा ऐकला नाही. "पोरी, संघात राहायचंय ना तुला? मग चल, मार चटकन. छानपैकी, डोकं खाली, पाय वर."

भिंगरीने आत्याकडे बघितलं, खुर्च्यांकडे बघितलं. ती मागे सरकली. अंतर मोजल्यासारखी थांबली. श्वास घेतला. मी तिच्या पायाखाली ताठ झाले. तुम्ही म्हणाल, धातू आणखी काय ताठ होणार! तुम्हाला काय सांगू. तिने पहिलं पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि त्याच क्षणी आत्याने नळ पूर्ण सोडला.

फवारा पाण्यावर पडला. झेंडे फुटले. पाण्याला सुरकुत्या पडल्या आणि सुरकुत्यांतून ऊन खाली उतरलं. मित्रांनो, ऊन हललेल्या पाण्यात शिरलं की तळावर उजेडाची जाळी नाचते. पाणी खोल असलं तर ती तळाशी पोचेपर्यंत विरते, धूसर होते. उथळ पाण्यात ती सुईदोऱ्याने काढल्यासारखी लख्ख दिसते. भिंगरीला ती लख्ख दिसली. ती मटकन खाली बसली, दोन्ही हातांनी माझ्या कडा घट्ट धरल्या. आम्ही दोघी थरथरत होतो. आधी कोण, सांगता येणार नाही.

"आत्या! तळ वर आलाय!"

"काय म्हणतेस?"

"जाळी बघ उन्हाची! बारक्या पोरांच्या टाकीत दिसते तशी!"

साहेब खेकसले, "घाबरली! हिला कोणी निवडलं?"

भिंगरी उठली. शिडीवरून उतरली, काठावर आली आणि पाय खाली सोडून पाण्यात उतरली. आणि उभी राहिली. खोल भागात, बरोबर माझ्या खाली, उभी राहिली. पाणी तिच्या छातीला लागत होतं.

आत्याच्या हातातून नळी सुटली. गालिचावर पाणी वाहू लागलं. मग पहिल्या रांगेतल्या पाहुण्याने टाळी वाजवली. त्याला वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. मग दुसऱ्याने वाजवली. मग सगळ्यांनी. आणि सर्वांत जोरात कोणी वाजवली असेल, तर आमच्या साहेबांनी.

पाहुणे गेल्यावर आत्या त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता, ते जास्त वाईट होतं. "माझी पोर मेली असती."

"असती-नसतीवर कार्यालय चालत नाही, बाई," साहेब म्हणाले आणि बुटांवरचं पाणी झटकलं.

भिंगरीला संघातून काढलं. कारण सांगितलं, पाहुण्यांसमोर शिस्तभंग. आणि तलाव का बंद ठेवावा लागतोय, याला कोणीतरी दोषी हवं होतं. दोषी अशी हवी जी उलट बोलत नाही. म्हणून मी. दोन माणसं नट सोडवायचे पाने घेऊन आली. एकाने माझ्यावर पाय आपटून बघितलं. "अरे, ही तर ठणठणीत आहे."

"काढ म्हटलं की काढायची," दुसरा म्हणाला. "तुला काय उडी मारायचीय?"

आता आत्या रोज त्या कार्यालयात जाते. तिला बाकावर बसवतात. साहेब बैठकीत आहेत, साहेब दौऱ्यावर आहेत, साहेब आत्ताच गेले. भिंगरी काचा घासते. संध्याकाळी शाळेच्या आवारात गादीवर उड्याही मारते. आत्याला म्हणते, "तू बाकावर बसू नकोस गं, पाठ दुखेल." आत्या म्हणते, "तू बोटं ताण." संघाचा सराव दुसऱ्या गावच्या तलावावर सुरू झालाय. तिच्या जागी नवीन मुलगी घेतलेली नाही. जागा रिकामी ठेवलीय. म्हणजे तिथे दुसरी कोणी हवी होती असं नाही. ती नको होती.

मित्रांनो, इथवर आल्यावर माझ्यासारख्यांनी म्हणायचं असतं की वस्तू जपून वापरा. मी नाही म्हणणार. मला उद्या वितळवा, माझ्या शिड्या करा, माझी तक्रार नाही. तुम्ही आपली मान जपा. तुम्हाला वर चढवून कोणी गोड आवाजात 'मार' म्हणाला, तर आधी खाली नीट बघा. आणि दिसलं ते बरोबर नसेल, तर सगळ्यांदेखत शिडीवरून उतरा. उतरायला लाजू नका.

आता तुम्ही, साहेब. खड्डा बुजवा म्हणणारा खुर्चीत आहे. बुजवणाऱ्याला पुढचं काम मिळालं. आकडे पुसणाऱ्याचं कौतुक झालं. जागा गेली ती एकट्या तिची. तर मला एवढंच सांगा, आणि पाटी लावून नको, तोंडाने सांगा, बाकावर बसलेल्या त्या बाईच्या डोळ्यांत बघून सांगा. तिच्या भाचीचा गुन्हा नेमका काय? तुमच्या पाहुण्यांसमोर तिने स्वतःची मान मोडून घेतली नाही, हाच ना?

हो की नाही? बोला.