सुनंदाबाईंचं नाक

बोरीवलीच्या त्या सोसायटीत सुनंदाबाईंच्या नाकाची दहशत होती. कुणाचं दूध करपलंय, कुणाच्या तुपाला वास येतोय, हे त्या जिना चढता चढता ओळखत, आणि ओळखून गप्प बसत नसत, बेल वाजवून ऐकवत. कॉफीच्या बाबतीत तर त्यांचा शब्द शेवटचा. त्यांच्या हातची जायफळ घातलेली कॉफी प्यायला शेजारणी पाचच्या ठोक्याला हजर असत.

अशा बाईची सून होणं म्हणजे रोजची परीक्षा. शर्मिष्ठा बँकेत अधिकारी होती, हाताखाली नऊ माणसं होती, पण तिच्या कॉफीचा पहिला घोट सासूने घेतला की ती हातातलं काम सोडून त्यांचा चेहरा वाचू लागायची. पूर्वी निदान अर्धा कप तरी संपायचा. गेली दोन वर्षं निकाल एकच. "वास नाही गं," म्हणत सुनंदाबाई कप बेसिनमध्ये रिकामा करत. सासरे मधुकरराव आणि नवरा शौनक, दोघेही चहावाले. त्यांना यात पडायचंच नव्हतं.

शर्मिष्ठाही हट्टाला पेटली. तयार पावडर बंद केली, चिकमगळूरहून भाजलेल्या बिया मागवल्या, ऐन वेळी दळायला हाताने फिरवायची छोटी चक्की आणली. काट्यावर मोजून पंधरा ग्रॅम. पाणी उकळल्यावर अर्धा मिनिट थांबायचं, आधी थोडंसं ओतून पूड फुगू द्यायची, मग उरलेलं बारीक धारेने. शेजारच्या वसुधाकाकू म्हणाल्या की लिफ्टपर्यंत दरवळ येतो. सासूबाईंना तेवढा तो आला नाही. या एका बाईने एकदा "छान" म्हणावं, यापलीकडे शर्मिष्ठाला काही नको होतं.

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी तिने घराचं दार उघडलं आणि गॅसचा भपकारा नाकात शिरला. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती, बटण चालूच, आणि दोन हातांवर सुनंदाबाई शांतपणे मेथी निवडत बसलेल्या. शर्मिष्ठाने बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या आणि सासूकडे वळली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. दोन वर्षांपूर्वीच्या तापात वास गेला तो परत आलाच नाही, स्वतःची कॉफीसुद्धा हाताच्या सवयीनेच करते, असं त्यांनी खाली बघत सांगितलं. मग सुनेचा हात धरला. लग्नानंतर पहिल्यांदाच धरला असेल.

"घरात सांग हवं तर. पण या बायकांना नको गं. माझ्याकडे दुसरं आहे काय?"

शर्मिष्ठाने शब्द दिला. देताना तिला दया आली होती, हे खरं. पण कप विसळताना बेसिनवर तिचा हात थांबला. दोन वर्षं तिची कॉफी रोज इथून वाहून गेली होती. नाक यांचं गेलं आणि दोष माझ्या कॉफीला! तिच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि तो राग संक्रांतीपर्यंत टिकला.

हळदीकुंकवाला वीसेक बायका जमल्या. वाण लुटून झालं. शर्मिष्ठाने सगळ्यांना कॉफी दिली आणि सासूपुढे दोन कपांचा वेगळा ट्रे धरला. एकात तिची कॉफी. दुसऱ्यात कॉफीचा कणही नव्हता; साखर काळी होईपर्यंत जाळून त्यात पाणी आणि दूध घातलं होतं. रंग अगदी सारखा.

"आई, यातली चांगली कुठली ते तुम्हीच सांगा. तुमच्यासारखं नाक कुणाचंय?"

सुनंदाबाईंनी वर पाहिलं. ती विनवणी शर्मिष्ठाला कळली, स्वच्छ कळली. तिने ट्रे आणखी पुढे केला. वीस बायका बघत होत्या, आता नाही म्हणायची सोय नव्हती. सुनंदाबाईंनी दोन्हींतला एकेक घोट घेतला, नेहमीसारखे डोळे मिटले आणि दुसरा कप उचलला.

"ही. हिला म्हणतात कॉफी."

शर्मिष्ठाने तो कप वसुधाकाकूंकडे दिला. काकूंनी हुंगला, चाखला, पुन्हा हुंगला. "अगं सुनंदा, ही नुसती जळकी साखर आहे. यात कॉफीच नाही." कप हातोहात फिरला. कुणीतरी फिसकन हसलं, मग कुणालाच आवरेना. सुनंदाबाईही हसल्या, जरा उशिरा. हळदीकुंकवाचं तबक घेऊन त्या आत गेल्या आणि बायका जाईपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

पाचच्या कॉफीला आता कुणी येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शर्मिष्ठाने केलेली कॉफी सुनंदाबाईंनी तळापर्यंत प्यायली आणि म्हणाल्या, "छान झालीये." तेव्हापासून रोज म्हणतात. पातळ झाली तरी छान, गार झाली तरी छान.

गेल्या रविवारी शर्मिष्ठाने साखरेऐवजी चमचाभर मीठ घातलं आणि समोर उभी राहिली. खारट कळायला नाक लागत नाही. पहिल्या घोटाला सुनंदाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी सुनेकडे पाहिलं नाही. एकेक घोट करत सगळा कप संपवला, उठून स्वतःच विसळला आणि पालथा घातला.

"छान झालीये," त्या म्हणाल्या.