हिरव्या रंगातलं घर

चिंगीने जेवणाच्या टेबलावरची फळांची टोपली बाजूला सरकवली आणि लॅपटॉप मावशीच्या पुढ्यात फिरवला. पडद्यावर शहराचा नकाशा होता. कुठे फिकट हिरवा, कुठे पिवळा, आणि स्टेशनच्या आसपास कुणी रंगाची बाटली उपडी करावी तसा लालभडक.

"ही तुझी गल्ली," तिने लालावर बोट ठेवलं. मग बोट वर सरकवत हिरव्यावर नेलं. "आणि आपण बसलोय ते हे."

मावशीने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. सारा जन्म चष्म्याच्या दुकानात काढूनही स्वतःचा चष्मा वेळेवर सापडेल तर ती मावशी कसली. आज मात्र सापडला होता.

"बाई गं. आणि इतकी वर्षं मी ह्यात झोपत होते? तेही खिडकी उघडी टाकून?"

"म्हणूनच सांगतेय ना."

ऑफिसात तिला मॅडम म्हणत, घरात ती अजून चिंगीच होती. कुठल्या भागातल्या घराला चोरीचा किती धोका आहे हे पाहून विम्याचा हप्ता ठरवायचा, हे तिचं काम. आकडे तिला माणसांपेक्षा सरळ वाटत. ते लाडीगोडी लावत नाहीत आणि कुणाची भीडभाड ठेवत नाहीत. वडील गेले तेव्हा ह्याच नकाशावर बोट ठेवून तिने आईला स्टेशनमागच्या गल्लीतून उचललं होतं आणि इथे, शहराच्या नव्या टोकाला, लिफ्ट असलेल्या इमारतीत आणून ठेवलं होतं. आता पाळी मावशीची. मावशीला मूलबाळ नव्हतं, म्हणून तिची काळजीही चिंगीने न विचारताच आपल्या डोक्यावर घेतली होती. शेजारच्या इमारतीत एक घर रिकामं होतं. मावशीच्या गल्लीतल्या घराला गिऱ्हाईक मिळालं होतं, आणि त्याला आज होकार कळवायचा होता.

"हे मोजतात कसं पण?" मावशीने विचारलं. "स्टेशनात उतरलेल्या कुणाचं पाकीट मारलं, तर ते माझ्या नावावर?"

"तुझ्या नावावर नाही, भागाच्या नावावर. तक्रारी किती आल्या ते बघायचं आणि तिथे राहणाऱ्या माणसांच्या संख्येने भागायचं."

"राहतो आम्ही मूठभर. आणि दिवसभर अख्खं शहर आमच्या दारावरून जातं."

"तेच तर. म्हणजे धोका जास्त."

मावशीने मान डोलावली, पण पटलं म्हणून नव्हे. भाचीशी आकड्यांत वाद घालायचा नाही हे तिने फार पूर्वीच ठरवून टाकलं होतं.

आई स्वयंपाकघरातून चहा घेऊन आली. किटली तिने दोन्ही हातांनी धरली होती. मनगट दुखावल्यापासून ती तशीच धरायची. बाथरूममध्ये पाय घसरला, असं तिने फोनवर सांगितलं होतं आणि चिंगीने त्याच आठवड्यात माणूस पाठवून भिंतींना स्टीलच्या दांड्या आणि खाली रबरी चटया बसवून घेतल्या होत्या. अशा बाबतीत चिंगी कुणाचं ऐकायची नाही.

"ताई, तू सांग," मावशी म्हणाली. "तू राहतेस इथे. कसं आहे?"

आईने कप भरले. एक मावशीपुढे ठेवला, एक चिंगीपुढे.

"शांत आहे," ती म्हणाली.

"शांत तर फोटोतली माणसंही असतात. कसं आहे ते विचारतेय मी."

आई हसली. बशीत सांडलेला चहाचा थेंब तिने बोटाने पुसला, मग ते बोट पदराला पुसलं, आणि बिस्किटं आणायची राहिली म्हणून पुन्हा आत गेली. बिस्किटं टेबलावरच होती.

चहा झाल्यावर मावशी उठली. घर घ्यायचं तर आजूबाजूचा परिसर बघायला हवा, नुसत्या पडद्यावर बघून कुणी घर घेतं का, असं तिचं म्हणणं. गॅलरीतून खाली दिसणारी झाडांमधली पायवाट तिला आवडली होती.

"ही मागची वाट छान आहे. चला, तिकडून एक चक्कर मारून येऊ."

"पुढच्या दाराने जाऊ," आई म्हणाली. "तिकडे फुलझाडं आहेत."

"मागेही झाडंच आहेत की."

"अगं आई, तू रोज तिथूनच तर फिरायला जातेस," चिंगी म्हणाली.

"जायचे."

हा शब्द आईने इतका हळू उच्चारला, की चिंगी लॅपटॉप मिटत होती म्हणून तिला तो ऐकूही आला नाही. मावशीला आला. ती गॅलरीच्या दारात उभी राहून बहिणीकडे पाहत राहिली. पण आईने कप गोळा करायला घेतले, आणि लहानपणापासून आईने कप गोळा करायला घेतले की विषय संपला असं दोघी बहिणींत ठरल्यासारखंच होतं.

"बरं, मग मी त्या माणसाला कळवूनच टाकते," मावशी पुन्हा खुर्चीत बसली. "उगाच लटकत ठेवायचं नाही कुणाला. घरही जाईल आणि माझी झोपही." तिने पर्समधून फोन काढला, नंबर शोधण्यासाठी तो हातभर लांब धरला.

"थांब," आई म्हणाली.

तिच्या हातात कप तसेच होते.

"फोन करू नकोस. मी बाथरूममध्ये पडले नव्हते."

मावशीने फोन टेबलावर ठेवला. चिंगीला आधी नीट समजलंच नाही. तिच्या डोळ्यांपुढे दांड्या आल्या.

"मागच्या वाटेवर पडले," आई म्हणाली. "पडले म्हणजे पाडलं. दोघं होते मोटारसायकलवर. चांगला उजेड होता अजून. पर्स ओढली त्यांनी, आणि मी सोडली नाही. सोडायला हवी होती."

"ओरडली नाहीस?" मावशी म्हणाली.

"ओरडले ना. खिडक्या बंद होत्या सगळ्यांच्या. इथे बंदच असतात." तिने कप खाली ठेवले. "दोन गाड्या गेल्या बाजूने. त्यांना वाटलं असेल, बसली आहे म्हातारी. मग उठले आणि घरी आले."

"आणि पोलीस?" मावशीने विचारलं.

"रखवालदाराला सांगितलं. तो कमिटीतल्या एकाला घेऊन आला. भला माणूस आहे, पाणी दिलं, डॉक्टरकडेही नेलं. म्हणाला, काकू, तक्रार करून चोर थोडाच सापडणार आहे? उगाच इमारतीचं नाव खराब."

"आणि तू ऐकून घेतलंस? तू?"

मावशी चिंगीकडे वळली, जणू साक्ष तिच्याकडूनच हवी होती.

"अगं, हिच्या टायपिंगच्या दुकानात माणसं अर्ज लिहून घ्यायला यायची ते आठवतं ना तुला? कुणाची सायकल गेली, कुणाची पिशवी कापली, की ही फुकट तक्रार टाईप करून द्यायची. वर चौकीपर्यंत सोबत जायची. तिथला हवालदार हिला लांबून बघितलं की कपाळाला हात लावायचा. पायरीवरची तुळस, नाही, ती कुंडी गेली होती ना माझी? मी म्हटलं जाऊ दे. हिने तीन प्रती काढल्या."

"कुंडी चोरीलाच गेली होती," आई म्हणाली.

चिंगीला ते दुकान आठवलं. घराच्याच जिन्याखालची अरुंद जागा, शाईच्या रिबिनींचा वास, आणि बाकावर रडवेलं तोंड करून बसलेलं कुणीतरी. आई त्याला पाणी द्यायची, मग कागद चढवायची आणि म्हणायची, सावकाश सांगा, पहिल्यापासून. शाळेतून आलेली चिंगी तिथेच पाढे म्हणत बसायची. ह्या सगळ्या कागदांचं पुढे काय होत असेल, असा प्रश्न तिला तेव्हा पडला नव्हता, आणि पुढे ते कागद आकडे होऊन तिच्याच टेबलावर आले तेव्हाही पडला नाही. गल्ली लाल दिसत होती कारण तिथे कुणी गप्प बसत नव्हतं. आणि इथला हिरवा रंग तिच्या आईसारख्या माणसांनी गप्प बसून राखला होता.

"मला का नाही सांगितलंस?" तिने विचारलं. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा वरचा लागला.

"काय सांगायचं?" आई आता समोर बसली. "तू ऑफिसातून येऊन ते नकाशे बघत बसायचीस. आईसाठी एवढं कोण करतं? गल्लीत सगळ्यांना अभिमानाने सांगून निघाले होते मी. आणि घर तर विकूनही झालं होतं. तुला सांगून काय, नुसतं रडवायचं?"

"दांड्या बसवल्या मी. आई, मी दांड्या बसवल्या."

"चांगल्या आहेत दांड्या," आई घाईने म्हणाली. "कपडे छान वाळतात त्यांच्यावर."

मावशी हसली, आणि हसता हसता तिने चष्मा काढून डोळे पुसले. चिंगीला हसता आलं नाही. तिला स्वतःची लाज वाटत होती. चुकल्याची तितकीशी नाही, जितकी आईला सुरक्षित ठेवलं म्हणून इतके दिवस निर्धास्त झोपल्याची. गल्लीतल्या आईच्या घरात आता मोबाईलच्या कव्हरांचं गोदाम होतं. ते परत मागायला जाण्यात काही अर्थ नव्हता.

मावशीने फोन उचलला आणि गिऱ्हाइकाला सरळ सांगून टाकलं की घर द्यायचं नाही, तसदीबद्दल माफ करा. पलीकडचा माणूस बराच वेळ काही बोलत होता. मावशीने फोन कानापासून दूर धरून त्याचं बोलणं संपू दिलं आणि ठेवला.

"ताई, तू माझ्याकडे चल. एकच खोली आहे, पण आपण काही धावायच्या शर्यती लावणार नाही आहोत."

"बघू," आई म्हणाली. आणि तिने चिंगीकडे पाहिलं, लहान मूल परवानगीसाठी पाहतं तसं. ते पाहणं चिंगीला सोसवेना. कुठे राहायचं हे आईने कधीपासून तिला विचारायला लागावं? तिने मान खाली घातली आणि लॅपटॉप पुन्हा उघडला. नकाशा बंद केला, कोरं पान घेतलं.

"ते नंतर ठरवू. आधी तक्रार द्यायची. आज. मी येते सोबत."

"इतक्या महिन्यांनी? कोण घेईल?"

"घेतील. नाही घेतली तर तीन प्रती काढू."

आईने पडद्याकडे पाहिलं. मग तिने खुर्ची ओढून घेतली, पाठ ताठ केली, आणि मनगट हलकेच मांडीवर ठेवलं.

"मला टाईप करवणार नाही. तू कर, मी सांगते."

"सांग. सावकाश, पहिल्यापासून."

आईचा आवाज बदलला. दुकानातला तो स्वच्छ, ठाम आवाज चिंगीने कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. मावशीही सरसावून बसली.

"सगळ्यात वर, उजव्या हाताला, तारीख. खाली विषय. विषय ठळक कर. मग नवी ओळ. मी, खाली सही करणार," आई एकेक शब्द सुटा करत सांगू लागली आणि चिंगीची बोटं तिच्यामागून धावू लागली, "स्वल्पविराम, राहणार स्टेशनमागची गल्ली, टायपिंगच्या दुकानावर, पहिला मजला, स्वल्पविराम."

चिंगीची बोटं थांबली. मावशी गॅलरीकडे पाहू लागली.

"झालं का?" आईने विचारलं.

"झालं," चिंगी म्हणाली, आणि मग तिने ते टाईप केलं.