कळसचा मुक्काम

माझ्या नवऱ्याला, सूरजला, गाड्यांचा भारी सोस. पुण्यात गॅरेजात कामाला लागल्यावर त्यानं एक जुनी मेटॅडोर घेतली, तिच्यात फळ्यांचा पलंग, स्टोव्हला जागा, पाण्याची टाकी असं अख्खं बिऱ्हाड बसवलं, आणि शहाण्णवच्या दिवाळीनंतर आई-बापाला त्यांचा जुना मुलूख दाखवायला निघाला. मी म्हटलं, ज्यांचा अर्धा जन्म घोड्यावर बिऱ्हाड लादून मेंढरांबरोबर हिंडण्यात गेला, त्यांना आता फिरतं घर कशाला? पण आमच्या घरात माझं ऐकतं कोण.

वडगाव निंबाळकरला माझं माहेर. मेटॅडोर तिथं खळ्यात लावली, पोरीला आईपाशी ठेवलं आणि एक दिवस भावाच्या फियाटमधून निवांत हिंडायचं ठरवलं. सकाळी चहा पिताना मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, जुन्या सवयीनं सांगून टाकलं की दिवस मावळायला कळसच्या माळावर टेकू. आत्याबाईंनी, माझ्या सासूनं, बशी खाली ठेवली आणि नवऱ्याकडं एकदा नीट बघून घेतलं.

का बघितलं ते मला ठाऊक होतं. आदल्या दिवशी भांडी घासताना त्यांनी मला सगळं सांगितलं होतं. सूरज अंगावर पीत होता तेव्हाची गोष्ट. सकाळी पुरुषांनी मुक्काम सांगायचा आणि मेंढरं चारत मागनं यायचं. बायकांनी घोडं घेऊन पुढं जायचं, चूल मांडायची, वाट बघायची. सांगितलेली जागा सोडायची नाही, सोडली की चुकामूक झालीच. त्या दिवशी मामंजींनी कळसचा माळ सांगितला. वाटेत कुणा बागायतदारानं रानात मेंढरं बसवायला बोलावलं, खत होतंय म्हणून, तसे हे तिकडंच वळले. निरोप नाही की सांगावा नाही. बरोबरची बिऱ्हाडं आधीच गावाकडं परतलेली. तापानं फणफणलेलं पोर मांडीवर घेऊन आत्याबाई दोन-तीन दिवस एकट्या त्या माळावर बसून होत्या. मग हे हसत हसत आले आणि भाकरी मागितली. त्यावर इतक्या वर्षांत एक शब्द नाही. आत्याबाईंना या सहलीत एवढंच हवं होतं, की या माणसानं एकदा त्या जागेवर यावं आणि त्यांचं ऐकून घ्यावं.

बारामतीत नव्या कंपन्यांची कुंपणं बघितली. सूरजनं प्रत्येक फाटकापाशी गाडी हळू केली, जसं काही आत त्याच्या नावाची खुर्ची होती. वालचंदनगरला कारखाना बाहेरूनच बघितला आणि बाजारात भेळ खाल्ली. तिथं मामंजींना सावळाराम भेटले. दोघं एकेकाळी मेंढरांमागं बरोबर होते, आता सावळारामांची कळंबला बागायत. त्यांनी रात्रीच्या मटणाचं आवतण दिलं, आणि मामंजी लगेच हो म्हणाले. बायकोला विचारणं राहिलं बाजूला, मान वळवून तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. आत्याबाईंनी उरलेली भेळ कागदात गुंडाळून पिशवीत टाकली. मला असा राग आला की बस्स. पण सासऱ्यापुढं तोंड उघडायची आमच्यात सोय नाही.

संध्याकाळपर्यंत वेळ होता म्हणून सूरजनं पुढच्या माळावर हरणं दाखवायला नेलं. हरणं दिसली, लांबून, पाठमोरी. परत फिरताना कळसचा फाटा आला. मामंजी म्हणाले, आता कळस राहू दे, सरळ कळंबला घे. सूरजनं पाणी प्यायला गाडी थांबवली होती. आत्याबाईंनी दार उघडलं, पिशवी काखेला मारली आणि त्या फाट्यानं चालू लागल्या.

सूरजनं हॉर्न वाजवला. मामंजी म्हणाले, येईल माघारी. त्या वळून बघेनात. तेव्हा मात्र माझ्याच्यानं राहवलं नाही. म्हटलं, ‘मामंजी, सकाळी मुक्काम तुमीच सांगितलाय. त्या आता तितनं हलायच्या न्हाईत.’

मामंजी खाली उतरले, पटका नीट केला आणि बायकोच्या मागनं चालू लागले. आम्ही गाडी सावकाश मागं ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना तिच्यामागं घाईनं जाताना बघितलं, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

माळ कुठला राहायला! सगळीकडं ऊस. आत्याबाई थोडा वेळ इकडं तिकडं बघत उभ्या राहिल्या, मग पाटाच्या कडेला एका दगडावर बसल्या. मामंजी धापा टाकत समोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, चल, सावळाराम वाट बघत असंल.

आत्याबाईंनी मान वर केली. आवाज अजिबात चढवला नाही.

‘हितंच बसलेली मी. मला वाटलं, तुमी मेलासा. तिसऱ्या दिशी बांगड्या फोडाय दगड उचलला हुता, तवर मेंढरांचा आवाज आला.’

सूरजनं गाडीचं इंजिन बंद केलं. त्याला हे काहीच ठाऊक नव्हतं. मामंजींनी पटका काढला, हातात धरला, पुन्हा डोक्यावर ठेवला.

‘मला न्हवतं ठावं,’ ते म्हणाले.

‘इचारलं कवा?’

मामंजींनी तिच्या हातातल्या बांगड्यांकडं बघितलं. मग मामंजी म्हणाले, ‘चुकलं माझं.’ इतक्या हळू, की पाटाचं पाणी चालू असतं तर मला ऐकूच आलं नसतं. ते लगेच सूरजकडं वळले आणि त्याला कळंबला जाऊन निरोप द्यायला सांगितलं की आम्ही येत नाही. सूरज गेला. मामंजी आत्याबाईंच्या समोर मातीत बसले.

दिवस मावळून गेल्यावर सूरज परत आला. थंडी पडायला लागली होती. वडगावला कधी पोचायचं म्हणून त्यानं बापाला उठवायला हात पुढं केला.

मामंजींनी तो धरला नाही. ‘तिला इचार,’ ते म्हणाले. ‘तिनं अजून उठ म्हटलं न्हाय.’