घेणाऱ्याची जीभ

"चाक जरा अडकतं हं याचं," हे म्हणाले, आणि पाकिटाकडे निघालेला त्या माणसाचा हात खिशातच थांबला.

"अडकतं म्हणजे?"

"म्हणजे फिरतं, पण मनापासून नाही फिरत. आणि ही सोनेरी फुलं बघा, इथं पार उडालीत. वरचं लाकूडही मूळचं नाही. मागाहून कुणीतरी बसवलंय, तेही घाईत."

तो माणूस कॉफीचं दुकान काढणार होता. दुकानात शोभेला मांडायला त्याला जुनी शिवणयंत्रं हवी होती. ती चालतात की नाही याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. आल्या आल्या "वा, वा" करत तो खोलीभर फिरला, वाकून वाकून फोटो काढले. तीन तरी नेतोय असं धरून मी चहा टाकला. चहा गाळून आणेपर्यंत ह्यांनी तिन्ही मशिनांचं असं काही वर्णन केलं होतं की वर पैसे दिले असते तरी त्याने ती नेली नसती. "विचार करून कळवतो," म्हणाला आणि चहा अर्धा टाकून गेला.

दार लावून मी विचारलं, "अहो, तुम्हाला विकायचीत ना ही?"

"म्हणजे काय? उगाच बोलावलं का त्याला?"

"मग असं का बोललात?"

"कसं बोललो? आहे ते सांगितलं."

आणि चेहरा इतका निर्मळ, की आपलंच काहीतरी समजायचं राहतंय असं मला वाटायला लागलं.

महिनाअखेरीला हे घर सोडायचं होतं. माझ्या गुडघ्यांनी जिन्याशी बोलणं टाकलं होतं. लेकीने तिच्या घराजवळ तळमजल्यावरच्या दोन खोल्या पाहून ठेवल्या होत्या. त्यात आम्ही दोघं, पलंग आणि कपाट मावत होतं. ह्यांची अकरा मशिनं मावत नव्हती. आमचं घर ज्याने विकत घेतलं, तो तर आधीच सांगून गेला होता, "मागे काही ठेवू नका हं. जे राहील ते मी वजनावर घालीन." त्या दिवशी हे जेवले नाहीत. म्हणजे जेवले, पण आमटीला नावं न ठेवता जेवले. ते मला जास्त लागलं.

आमच्या ह्यांनी आयुष्यभर घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचले. मीटर असतो जिन्याखाली नाहीतर बोळात, आणि घरात नकोशी झालेली वस्तूही तिथेच येऊन बसते. हे बॅटरी घेऊन वाकायचे, आकडा टिपायचे आणि जाता जाता उजेड शेजारच्या गोणपाटावर टाकायचे. गोणपाटाखाली मशीन असलं की हे तोच आकडा दुसऱ्यांदा टिपायचे. पण चेहऱ्यावर रेघ हलायची नाही.

"हे काय हो, पडूनच असतं वाटतं?" इथून सुरुवात. मग पुढच्या महिन्याच्या वाचनाला, "गंजलंय बरं का." त्याच्या पुढच्या महिन्याला, "सुईचा दांडा वाकडा झालाय, आता कुणी दुरुस्त नाही करणार." असं नाक मुरडत मुरडत, मालकालाच त्या मशिनाचा कंटाळा आणून शेवटी उपकार केल्यासारखं ते सायकलवर बांधून घरी आणायचे. घामाने भिजलेले असायचे. मी दारात उभी.

"हे कशाला आणलंत?"

"डबडं आहे," म्हणायचे आणि फडक्याने पुसायला बसायचे.

पहिलंच डबडं त्यांनी माझ्यासाठी आणलं होतं. पायाने चालवायचं, काळं, डाव्या अंगावर एक टवका उडालेलं. त्यावर मी लेकीचे फ्रॉक शिवले, शेजारणींचे ब्लाउज शिवले, घरातली प्रत्येक उशी शिवली. ते स्वयंपाकघराच्या खिडकीशी होतं. ते काही ह्यांच्या अकरांत धरलेलं नव्हतं. माझ्या बाजूने ते भांड्याकुंड्यांत होतं.

मशिनांचं ठीक. पण ही सवय माणसांनाही लागू होती. आमचं लग्न ठरताना हे मला बघून घरी गेले आणि काय म्हणाले, ते नणंदेने मला पुढे केव्हातरी पोळ्या लाटता लाटता सांगितलं, "दादा म्हणाला होता, उंची कमी आहे आणि बोलते फार." मी लाटणं थांबवलं नाही, पण ती पोळी काही गोल झाली नाही. तेव्हापासून ते वाक्य माझ्यापाशी आहे. कुठे ठेवावं ते कळलं नाही, म्हणून टाकूनही देता आलं नाही.

तर विक्री. लेकीने सगळ्या मशिनांचे फोटो फोनवर टाकले. मग जगात किती प्रकारची माणसं आहेत ते आम्हाला कळलं. एकाला फक्त खालचे लोखंडी पाय हवे होते, त्यावर तो हात धुवायचं भांडं बसवणार होता. एक बाई रोज फोन करून विचारायची, "आहे का अजून?" आम्ही आहे म्हटलं की "बरं" म्हणून ठेवून द्यायची. एकाने हळू आवाजात विचारलं, "याच्या आत कसलातरी महागडा धातू असतो म्हणे, तो अजून आहे का?" ह्यांनी तेवढ्याच हळू आवाजात सांगितलं, "होता. आम्ही खाल्ला."

कोपऱ्यावरचा शिंपी आला. एका जुन्या मशिनाचं होडीसारखं शटल त्याने हातात घेतलं आणि त्याचे डोळे ओले झाले. ह्याच्यावरच तो शिकला होता. म्हटलं, हा नेणार. हे म्हणाले, "या होडीचा दोरा आता मधेच तुटतो हं." शिंपी म्हणाला, "तुटायचाच. माझ्याही होडीचा तुटायचा." दोघं अर्धा तास दोरा का तुटतो यावर बोलले. शिंपी तृप्त होऊन रिकाम्या हाताने घरी गेला.

लेक चिडली. "बाबा, तुम्ही विकताय की कोर्टात साक्ष देताय?"

"खोटं बोलू का मग?"

"चांगलं बोला! चांगलं बोलणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे."

ह्यांनी यावर बराच विचार केला. पटलं असं दिसलं नाही.

शेवटी मीच भंगारवाल्याला बोलावलं. नुसता भाव विचारायला, असं मी स्वतःलाही सांगितलं होतं. तो आला, एका मशिनावर बोटाने टकटक केलं आणि म्हणाला, "बीड आहे, काकू, ओतीव लोखंड. भाव नाही येत बिडाला."

"आणि तडा गेलाय खालून," हे उत्साहाने म्हणाले.

"तडा गेलाय, चाक खिळखिळं आहे."

"खिळखिळं? अहो, हातात येतं ते! आणि हे इकडचं बघितलंत का?"

दोघं खोलीभर फिरले. एकाने खोट काढावी, दुसऱ्याने तिला जोड द्यावी. जुने मित्र भेटल्यासारखे फुलून आले होते. मी चहा ठेवला. इतक्या वर्षांत ह्यांचं कुणाशी एवढं जमलेलं मी पाहिलं नव्हतं. चहा पिता पिता भंगारवाला एकदम थांबला. बशी खाली ठेवून ह्यांच्याकडे बघत राहिला.

"काका, एक बोलू? राग नाही ना?"

"बोला की."

"तुमची जीभ घेणाऱ्याची आहे. माझी आहे तशीच. आपल्याला वस्तू आवडली की आपण तिला शिव्या घालतो. पण काका, आज तुम्ही देणारे आहात."

हे कपातला गाळ बघत बसले.

त्यानंतर दोन दिवस घरात तालीम चालली. लेक गिऱ्हाईक व्हायची. "काका, हे मशीन कसं आहे?" हे घसा साफ करायचे. "हे… आहे. म्हणजे बरंच आहे." "आणखी?" "काळं आहे." लेक हसून लोळायची. मी आतून ओरडायचे, "अहो, बायकोला कधी म्हटलं नाहीत, निदान मशिनाला तरी म्हणा!"

कसं जमलं ठाऊक नाही, पण तिसऱ्या दिवशी जमलं. शिवणवर्ग चालवणारी एक बाई आली. हे पुढे झाले, मशिनावर हात ठेवला आणि म्हणाले, "याचा टाका बघा. मुंग्यांची रांग जाते तसा सरळ. असं यंत्र आता होत नाही." मी दारातच थबकले. ती बाई दोन घेऊन गेली. मग कॉफीवाला परत आला. त्याला ह्यांनी उडालेल्या फुलांवरूनच सांगितलं, "ही अंगठ्याची जागा आहे. कुणीतरी बाई रोज इथं अंगठा टेकवून बसायची. नवीन वस्तूत हे मिळायचं नाही." त्याने तीन नेली. हात धुवायच्या भांड्यावाला लोखंडी पाय घेऊन गेला. एका नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळणारा माणूस आला, त्याने हातमशीन उचललं. जे अगदीच तुटलं होतं ते भंगारवाल्याने नेलं, पण नेताना कापडात गुंडाळून नेलं. आणि होडीचं मशीन शिंप्याने नेलं. दोरा तुटतो हे दोघांनाही माहीत होतं.

खोली रिकामी होत होती आणि मला आनंद व्हायला हवा होता. पण ह्यांच्या तोंडून एवढं गोड ऐकायची सवय नव्हती. वाटायचं, परका माणूस घरात आलाय. एका संध्याकाळी विचारलं, "एकदम कसं जमायला लागलं तुम्हाला?"

"काही नाही गं. गिऱ्हाईक यायच्या आधी मनात म्हणायचं, हे आता आपलं नाही. एकदा आपलं नाही म्हटलं की चांगलं बोलायला जड जात नाही."

"म्हणजे आपलं असलं की वाईट बोलायचं?"

"तसं नाही."

"मग कसं?"

ते उठून खिडकीची कडी लावून आले. कसं ते त्यांनाही माहीत नव्हतं. मला तर रात्रीच्या भाजीत मीठ घातलं की नाही हेही आठवेना.

घर सोडायच्या आदल्या दिवशी एक बाई आली. फोटोतलं शेवटचं मशीन घ्यायला आली होती, पण ते सकाळीच गेलं होतं. ती पिशव्या शिवायचा धंदा करायची, घामाघूम झाली होती. मी पाणी द्यायला तिला स्वयंपाकघरात बसवलं. खिडकीशी माझं मशीन होतं. त्यावर नव्या घराच्या पडद्याची पट्टी अर्धी शिवून तशीच सुईखाली होती.

"हे देता का?" तिने विचारलं. बसून पायडल हलवलं. पडद्यावर चार बोटं शिवण पुढे गेली. "लोण्यासारखं चालतंय, मावशी! मी जास्त देईन."

मी म्हटलं, "न्या." सहज निघून गेलं. लेक म्हणतच होती, आई, तुझ्या गुडघ्याला पायडल नको, मी तुला लहानसं विजेवरचं देते. नव्या स्वयंपाकघरात खिडकीपाशी तेवढी जागाही नव्हती. शिवाय अकरा काढायला लावल्यावर बारावं आपलं म्हणून धरून बसायचं, हे मला बरं दिसेना. म्हटलं, "पडद्याची पट्टी तेवढी पुरी करते, मग न्या." पण उभं राहवेना आणि बसवेनाही.

हे गॅलरीतून आत आले. ती बाई मोजून पैसे काढत होती.

"ते नका घेऊ," हे म्हणाले.

"का हो, काका?"

"पट्टा घसरतो त्याचा."

पट्टा मी मागच्याच आठवड्यात बदलला होता.

"टाका सुटतो मागून. धुतलं की शिवण उसवते. आवाज तर असा करतं की शेजारी भांडायला येतात. डाव्या अंगाला टवका उडालाय, दिसतोय ना? आतपर्यंत गेलाय तो. तेल पितं नुसतं. एका जागी धड उभं राहत नाही. आणि सुई…" सुईबद्दल काय बोलावं ते सुचेना. "सुई मोडते. रोज."

ती बाई मशिनाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. आत्ताच तर लोण्यासारखं चाललं होतं. "पण आत्ता तर…"

"दाखवायला चालतं. मग बंद पडतं." ह्यांचा आवाज चढला होता. "डबडं आहे ते. अगदी डबडं."

पाकीट मिटून ती गेली. जिन्यात ती कुणालातरी फोनवर म्हणत होती, "काही कळत नाही बाई या लोकांचं."

आम्ही दोघं स्वयंपाकघरात उभे राहिलो. मी पदराने मशिनावरचं पाण्याच्या ग्लासाचं ओलं कडं पुसलं. पुसून झालं होतं, तरी पुसत राहिले.

"कुठे ठेवायचं हे तिकडे?" मी विचारलं. "जागा नाहीये."

"करू काहीतरी."

"पायडल मला झेपत नाही आता."

"मी मारीन पायडल. तू कापड धर."

"जमतंय! तुमचा पाय एका चालीने चालतो का?" मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता थांबले. ह्यांच्याकडे बघायचं धाडस करून विचारलं, "का हो, माझी उंची खरंच कमी होती?"

त्यांना क्षणभर संदर्भ लागला नाही. मग लागला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"अजूनही आहे," म्हणाले. "आणि बोलतेस फार."

मग ते तेलाची बुदली आणायला बाहेरच्या खोलीत गेले. खोली आता मोकळी होती. जिथे जिथे मशिनं होती तिथे फरशीवर लोखंडी पायांचे तांबूस ठसे उरले होते. बुदली समोरच्या कोनाड्यात होती, सरळ गेलं असतं तर चार पावलांत हाताला आली असती. पण हे नेहमीसारखे आधी भिंतीकडून वळले, मग उजवीकडे अंग चोरलं, मधल्या जागेपाशी धोतराचा सोगा सांभाळावा तशी पायजम्याची कड उचलून धरली, आणि कशालाही धक्का न लावता पलीकडे पोचले.