दोनशे तेरावे पान

मित्रांनो, मी एक जुना समीक्षाग्रंथ आहे. एकाच शोकांतिकेवर अकरा विद्वानांनी लिहिलेले लेख माझ्या पोटात आहेत. वजन सव्वा किलो, पुठ्ठा जाड आणि चारही कोपऱ्यांना पितळी पत्रा. बांधणाऱ्याने तो पत्रा ठोकला आणि म्हणाला, "आता हा शंभर वर्षं मोडत नाही." तेव्हा त्या कोपऱ्यांचा मला फार अभिमान वाटला. आज शरम वाटते.

मी ज्या नाटकाबद्दल बोलतो, त्यातला राजा हुकूम मोडला म्हणून भर दरबारात पोटच्या मुलाचा गळा चिरतो. कॉलेजात दरवर्षी त्यावर निबंध असतो: राजा दोषी की निर्दोष? दोन तरी समीक्षकांचा आधार द्यायचा, नाहीतर पाच गुण कमी, असा तिथल्या बाईंचा दंडक. त्यामुळे परीक्षा जवळ आली की माझ्यावर धाड पडते. मला कोणी वाचत नाही हो, लुटतात. पाठ मोडेपर्यंत उघडतात, एखादे वाक्य तोडून घेतात आणि त्याच्या मागचेपुढचे सगळे तिथेच टाकून पळतात. एकदा दोघे माझ्यावरून हातघाईवर आले. एकाचा दात पडला, माझा कणा उसवला. ग्रंथपालांनी मला डिंक लावला. दाताचे पुढे काय झाले ते मला कळले नाही.

पण खरा घाव घातला तो वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलाने. माझे दोनशे बारावे पान असे संपते: 'राजा बाप होता, शिक्षा करणे हा बापाचा हक्कच होता. त्याला दोष देता येणार नाही.' समोरच्याच पानावर तोच विद्वान लिहितो, 'हे झाले दरबाऱ्यांचे म्हणणे. आता माझे ऐका. हा खून आहे.' हा मुद्दा दुसऱ्या कोणाच्या निबंधात येऊ नये म्हणून त्या शहाण्याने खिशातून ब्लेड काढले आणि ते पान मुळापासून कापून नेले. चिरले जाण्याचा आवाज मी अजून विसरलेलो नाही. त्यानंतर सगळा वर्ग माझाच हवाला देऊन राजाला सोडून देऊ लागला.

त्याच आठवड्यात एका शिंप्याची मुलगी मला घरी घेऊन गेली. पुढे दुकान, मागे घर. कापड बेतायच्या टेबलाच्या कडेला बसून तिने वहीत लिहिले, 'राजा खुनी आहे.' मग मला उघडले. दोनशे बारावे पान वाचले, पुढचे शोधले, तर एकदम दोनशे पंधरावे, आणि त्यावर नटांच्या कपड्यांची चर्चा. ती थोडा वेळ पेन चावत बसली. एवढा मोठा विद्वान म्हणतो म्हणजे आपलेच चुकत असणार, असे तिला वाटले असावे. तिने आपले वाक्य खोडले आणि माझे उतरवून घेतले. मला ओरडता आले असते तर गळा फाटेपर्यंत ओरडलो असतो.

तेवढ्यात तिच्या थोरल्या भावाने बेतलेली बाही वडिलांनी हातात घेतली. ती आखूड झाली होती.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"चुकलं बाबा."

वडिलांनी कापड मापायचा लाकडी गज उचलला आणि त्याच्या पाठीवर हाणला. गज मोडला. मग त्यांचा हात टेबलावर चाचपत माझ्यापर्यंत आला. दोन्ही हातांनी मला उचलून त्यांनी पोराच्या कानशिलावर घातले. माझा पितळी कोपरा कानात घुसला. पोरगा खाली बसला, तरी दुसऱ्यांदा घातले. तिसऱ्यांदा मीच रक्ताने बुळबुळीत होऊन त्यांच्या हातून सुटलो.

दवाखान्यात आई डॉक्टरांना म्हणाली, "जिन्यावरून पडला."

डॉक्टरांनी मुलीकडे पाहिले. "तू होतीस तिथे?"

वडील दारातच उभे होते. दोष देता येणार नाही, हे तिने तासाभरापूर्वी आपल्याच अक्षरात लिहिले होते, आणि ते माझ्यामुळे. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण तिने पिशवीतून मला काढले आणि रक्ताचा कोपरा वर करून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवले.

"जिना नव्हता. हे पुस्तक होतं. बाबांनी मारलं, दोनदा."

"घरी चल, मग दाखवतो तुला," वडील म्हणाले.

"नाही येणार," ती म्हणाली. डॉक्टरांनी पोलिसांना फोन लावला, तेव्हा आई खुर्चीत बसून रडू लागली आणि थोड्या वेळाने तिने लेकीचा हात धरला.

भावाचा डावा कान गेला. तिघे आता मावशीकडे राहतात. मुलीने निबंधात खोडलेले वाक्य पुन्हा लिहिले, आधार कोणाचाच दिला नाही, आणि बाईंनी नियमाप्रमाणे पाच गुण कापले. ते कापलेले पान तिने आजवर पाहिलेले नाही.

मित्रांनो, आमची पाने कापू नका. एकाने कापलेले दुसऱ्याला कुठे भोवेल, सांगता येत नाही. माझा आधार जरूर घ्या, त्यासाठीच मला बांधले आहे. पण डोळ्यांनी पाहिलेले माझ्या शब्दाखातर खोडू नका. तुमच्या हातात आलेला मी कदाचित अर्धाच असेन.